डॉक्टर भुरळचं यंत्र

ज्या माणसावर सूड उगवायचा असं मी वीस वर्षं मनात धरून होते, त्याच्या सत्काराचा फ्लेक्स बनवायचं काम माझ्याच दुकानात आलं.

तेलगावच्या फाट्यावर माझं डिझाइनचं आणि फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, दशक्रियाविधी, निवडीबद्दल अभिनंदन, सगळं एकाच कॉम्प्युटरवर होतं. चेहऱ्यावरची दहा वर्षं कशी उतरवायची, पोट कसं आत घ्यायचं, नजर करारी कशी करायची, ते मला डोळे झाकूनही जमेल. त्या दिवशी दोघं जण पेन ड्राइव्ह घेऊन आले.

"सर रिटायर व्हायलेत. धारूरला सेवापूर्तीचा कार्यक्रम हाय. फोटो जरा रुबाबदार करा," त्यांतला एक म्हणाला.

मी फोटो उघडला आणि लगेच ओळखलं. टक्कल वाढलं होतं, मिशी पांढरी झाली होती. पण चष्मा तसाच नाकावर खाली ओढलेला, आणि चष्म्यावरून रोखून बघायची ती सवय तशीच. छापायचा मजकूर त्यांनी कागदावर लिहून आणला होता. नावाखाली ओळ होती, 'आदर्श विज्ञान शिक्षक व संमोहनतज्ज्ञ'.

मी काम घेतलं. नाही म्हटलं असतं तर ते पुढच्या दुकानात गेले असते आणि माझ्या हातात काहीच राहिलं नसतं.

हा माणूस कोण, ते आधी सांगते.

आम्ही धारूरचे. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, बाजारात किराणा दुकान. आम्ही दोघी बहिणी, ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. शाळा सुटली की दोघी दुकानात पुड्या बांधायला बसायचो. शेंगदाणे, मोहरी, खडीसाखर, सगळं रद्दीच्या कागदातून जायचं. मी सातवीत असताना रद्दीच्या एका गठ्ठ्यात इंग्रजी चित्रकथांची पुस्तकं आली. कुणाच्या घरची होती देव जाणे, गठ्ठा अंबाजोगाईहून आला होता एवढंच आप्पांना ठाऊक होतं. कागद जाड होता म्हणून आप्पा खूश झाले. आम्ही दोघींनी त्यातली दहा-बारा पुस्तकं साखरेच्या पोत्यामागं लपवली.

ताई डिक्शनरी घेऊन वाचायची आणि मला मराठीतून सांगायची. युद्धाच्या गोष्टी होत्या. रणगाडे, विमानं, आणि अंगाला चिकटलेल्या कपड्यांतला एक बलदंड वीर. या गोष्टी दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत काढलेल्या होत्या हे मला फार पुढं कळलं. वीर मला कधी आवडला नाही. माझं सगळं लक्ष असायचं त्याच्या वैऱ्याकडं. तो एक शास्त्रज्ञ होता. हडकुळा, टकला, पांढरा कोट, जाड भिंगांचा चष्मा. जमिनीखाली त्याची प्रयोगशाळा. तो स्वतः कधी बंदूक धरायचा नाही. पकडून आणलेल्या शिपायांच्या डोक्यावर तो तारांचा टोप चढवायचा, खटका दाबायचा, आणि शिपायांच्या डोळ्यांत भोवरे फिरायला लागायचे. मग तेच शिपाई परत आपल्या छावणीत जायचे, आपल्याच सैन्याचा पूल उडवायचे, आपल्याच सेनापतीवर नेम धरायचे.

"आपण काय करतोय ते ह्यांना कळत न्हाई का?" मी विचारायचे.

"डोकं त्याच्या ताब्यात हाय त्यांचं," ताई म्हणायची. "त्यांचा काय दोष?"

ताई हुशार होती. गणितात तर शाळेत पहिली. पुडीच्या कागदाच्या कोऱ्या कडेला ती समीकरणं सोडवायची आणि आप्पा तोच कागद गिऱ्हाइकाला द्यायचे. तिला पॉलिटेक्निकला जायचं होतं. हे तिनं फक्त मला सांगितलं होतं.

सर आम्हाला विज्ञान शिकवायचे. त्यांनी पोस्टानं संमोहनाचा कसला तरी कोर्स केला होता आणि त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून प्रयोगशाळेत लावलं होतं. गावातले लोक त्यांना डॉक्टर म्हणायचे आणि त्यांना ते आवडायचं. त्यांनी एक यंत्र बनवलं होतं. लाकडी खोकं, वर लाल दिवा, पुढं गरगर फिरणारी तबकडी, आणि तबकडीवर काळ्या-पांढऱ्या रंगात गोगलगायीच्या शंखासारखा वेढा. ते यंत्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला पुस्तकातल्या शिपायांच्या डोळ्यांतले भोवरे आठवले.

मी आठवीत आणि ताई दहावीत असताना शाळेच्या गॅदरिंगला दुपारी सरांचा कार्यक्रम ठेवला. 'संमोहनाचे वैज्ञानिक प्रयोग'. मांडव भरलेला होता, आप्पा तिसऱ्या रांगेत बसले होते. सरांनी आधी दहावीतल्या एका मुलाला झोपवलं आणि त्याच्या हातात सोललेला कांदा दिला. "हे सफरचंद आहे. खा." त्यानं तो अख्खा कांदा चावून खाल्ला. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो म्हणत होता, "लई गोड हाय." लोक हसून हसून लोळले.

मग सरांनी ताईला बोलावलं. तबकडी फिरायला लागली. सरांनी चष्मा काढला, काचांवर फुंकर मारली, रुमालानं पुसला आणि परत घातला. ते नेहमी असंच करायचे. "माझ्याकडे बघ. फक्त माझ्याकडे. तीन, दोन, एक." ताईची मान छातीवर पडली.

"तुझा आवडता विषय?"

"गणित."

"तुझ्या मनात कोण आहे?"

ताई बोलली नाही. सर तिच्या कानाशी वाकले आणि हळूच काहीतरी म्हणाले. मग ताईनं एका मुलाचं नाव घेतलं. बाजारात त्याच्या मामाचं सायकलचं दुकान होतं, तिथं तो बसायचा. अकरावीत होता. माइक तिच्या तोंडाशीच होता. मांडवात शिट्ट्या वाजल्या. बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. आप्पा उठले आणि लोकांच्या गुडघ्यांवरून वाट काढत बाहेर पडले. त्यांची टोपी पडली ती त्यांनी उचलली नाही.

नंतर चार माणसं घरी येऊन समजूत घालून गेली. "पोरीचा दोष न्हाई, ती झोपेत हुती." आप्पा एकच वाक्य बोलायचे, "झोपेत माणूस खरं बोलतं." ताईची शाळा त्या दिवशी संपली. दहावीचे पेपर तिनं दिले नाहीत. सायकलवाल्या मुलाला त्याच्या मामानंच बडवलं आणि पुण्याला धाडून दिलं. उन्हाळ्यात चौसाळ्याच्या एका दुकानदाराशी ताईचं लग्न लावलं. तिला सोळावं नुकतं लागलं होतं.

सर लग्नाला आले होते. दोनदा बुंदी घेऊन जेवले.

त्या पंगतीत मी वाढत होते. त्यांच्या पानात बुंदी मीच वाढली. तेव्हापासून मी त्या माणसाचं तोंड विसरले नाही. ताईबद्दल मी माझी समजूत घातली ती त्या पुस्तकांतून. तिचा दोष नव्हता, तिच्या डोक्यावर टोप चढवला होता. युद्धाच्या दिवसांत लोकांना असा खलनायक कशाला लागला असेल, याचा मी पुढं पुष्कळदा विचार केला. आपलाच माणूस आपल्यावर उलटला हे सोसत नाही. कुणी तरी त्याचं डोकं ताब्यात घेतलं होतं असं म्हटलं की तो आपला राहतो. आणि मग जो राग येतो तो सगळा एकाच टकल्या डोक्यावर ओतता येतो. मी वीस वर्षं तेच केलं.

तर सत्काराला महिना होता. फ्लेक्सचं काम मी मन लावून केलं. सरांचं टक्कल चमकवलं, मिशी काळी केली. आणि त्याच फोटोवरून, त्याच दिवशी, दुकानात बसल्या बसल्या मी चित्रकथा काढायला घेतली.

गोष्ट साधी होती. कुठल्या तरी लढाईत एका किल्ल्याला वेढा पडलाय. किल्ला आमच्या धारूरचाच, तो मला न बघता काढता येतो. पुरुष आघाडीवर गेलेत आणि किल्ला बायका लढवतायत. रणगाडे मला नीट जमेनात, म्हणून मी ऊस तोडायच्या हार्वेस्टरचा फोटो समोर ठेवून त्यावरून रणगाडे काढले आणि ते कापसाच्या रानातून चालवले. आमची वीरांगना कापूस वेचणारी एक बाई, तिच्या मुठीनं दगड फुटायचा. आणि किल्ल्याखालच्या भुयारात बसलेला शास्त्रज्ञ, डॉक्टर भुरळ. चष्मा नाकावर, काचांवर फुंकर, रुमाल. 'माझ्याकडे बघ. फक्त माझ्याकडे.' तो एकेका बाईला यंत्रासमोर बसवायचा, बाईच्या डोळ्यांत भोवरे फिरायचे, आणि ती झोपेत चालत जाऊन किल्ल्याचा दरवाजा शत्रूला उघडून द्यायची. त्यातल्या एकीला मी ताईचं तोंड दिलं.

दर रविवारी आठ पानं मी व्हॉट्सॲपवर सोडायचे. खाली नाव टाकत नव्हते, फक्त दुकानाचा शिक्का होता. पहिल्या रविवारी पन्नास-साठ लोकांनी बघितलं असेल. तिसऱ्या रविवारपर्यंत धारूर, तेलगाव, वडवणी, सगळीकडं ते फिरत होतं. शाळेत शिकून गेलेल्या लोकांनी सरांना लगेच ओळखलं. 'हे तर आपले डॉक्टर,' असं लिहून लोक पुढं पाठवत होते. चहाच्या टपरीवर एक जण दुसऱ्याला रुमालानं चष्मा पुसून दाखवताना मी स्वतः पाहिला. मला फार गोड वाटलं. लपवून काय करू.

चौथ्या आठवड्यात सर स्वतः दुकानात आले.

मी उठून उभी राहिले. वाटलं, आता हा भांडणार, आणि मी तयार होते. वीस वर्षं मी बोलायची वाक्यं घोकत आले होते. पण सर हसत होते. खुर्ची ओढून बसले.

"मॅडम, ही चित्रं तुम्ही काढता?"

"हो."

"अप्रतिम. माझा नातू तर वेडा झालाय. आजोबा, तुम्ही खरंच असं करता का, विचारतो." त्यांनी चष्मा काढला, फुंकर मारली, पुसला. "एक विनंती होती. ते यंत्रासमोरचं चित्र आहे ना, ते माझ्या फ्लेक्सवर एका बाजूला घ्या. आणि खाली लिहा, मनावर राज्य करणारा शिक्षक."

मी स्क्रीनकडं बघत राहिले. त्यांना वाटलं मी ऐकतेय.

"तुम्हाला कुणी तरी माझे प्रयोग सांगितलेले दिसतात. दहावीची एक मुलगी होती, फार वर्षं झाली. सबंध गावासमोर नाव घेतलं तिनं. घरच्यांसमोर. विचार करा, जागेपणी कुठली मुलगी बोलेल? त्याला म्हणतात संमोहन. आजही लोक आठवण काढतात. तेवढा प्रसंग तुमच्या पुढच्या भागात आला तर बहार येईल."

त्यांनी मला ओळखलं नव्हतं. तोंड आठवायला आधी कधी माझ्याकडं बघायला हवं होतं. ते गेल्यावर मी शटर अर्धं खाली ओढलं आणि आत बसून राहिले. मी त्याला राक्षस केला होता आणि राक्षस होणं त्याला मनापासून आवडलं होतं. मी स्वतःच्या हातानं त्याचा सत्कार करून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौसाळ्याला ताईकडं गेले.

ताई आता छत्तीसची आहे. हायवेला लागून त्यांचं दुकान आहे, भावजी माल आणायला बीडला गेले की ताई गल्ल्यावर बसते. मी गेले तेव्हा दुकानात कुणी नव्हतं. तिनं चहा केला, दोन कप काउंटरवर ठेवले आणि म्हणाली, "बघितलं मी तुझं ते."

"कसं वाटलं?"

"माझ्या डोळ्यांत भिंगऱ्या कावून काढल्यास?"

मी म्हटलं, "तू झोपेत होतीस म्हणून. म्हणजे तुझा दोष नव्हता म्हणून."

ताईनं कप खाली ठेवला. "मी झोपले नव्हते."

मला आधी कळलंच नाही. ती शांतपणे बोलत होती, जसं गिऱ्हाइकाला एखादी वस्तू संपली म्हणून सांगावं.

"माझ्या वहीत एक चिठ्ठी हुती. त्या पोरानं लिहिलेली. दोन ओळी, दुसरं काई न्हाई. सरांनी वह्या तपासायला घेतल्या तवा त्यांना घावली. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी मला लॅबमधी बोलावलं. म्हणले, ही चिठ्ठी तुझ्या वडलांना देऊ का? मी रडायला लागले. मग म्हणले, उद्या स्टेजवर ये, मी विचारीन, तू नाव घे. झोपेत बोललेलं कुणी मनावर घेत न्हाई. लोक म्हणतेल, पोरगी संमोहनात हुती. तुझंबी निभल आणि माझाबी प्रयोग हुईल. आणि न्हाई आलीस तर चिठ्ठी हायच, आणि प्रॅक्टिकलचे वीस मार्कबी माझ्याच हातात हायत."

"स्टेजवर कानात काय म्हणाले?"

"चिठ्ठी खिशात हाय, म्हणले."

"आणि ते यंत्र?"

"त्याच्यात टेबलफॅनची मोटर हाय. मीच पुसायचे की ते, लॅबची पाळी असली की."

मी विचारलं, इतकी वर्षं सांगितलं का नाहीस. ताई म्हणाली, "कुणाला सांगू? झोपेत बोलली तर नशीब फुटकं. जागेपणी बोलली तर निर्लज्ज. त्यातलं झोपेतलं बरं वाटलं मला. मग तेच धरून बसले." मग ती म्हणाली, "पण तूबी मला झोपवलंस. आख्ख्या तालुक्यापुढं. ह्या खेपंला तर तूच."

मला तिथं तोंड लपवायला जागा नव्हती. मी म्हटलं, पुढचा भाग मी काढतच नाही, सगळं बंद करते.

"बंद कावून करतीस? काढ. पण माझे डोळे उघडे काढ. आणि त्याच्या खिशात चिठ्ठ्या काढ, लई साऱ्या. मी एकटी नसणार." मग मी उठताना ती म्हणाली, "डॉक्टरला काढलंस ते ठीक हाय. आप्पांना कुठं काढलंस?"

मी बस धरली.

शेवटचा भाग मी दोन दिवसांत काढला. वीरांगना भुयारात शिरते आणि आपल्या मुठीनं यंत्राचं खोकं फोडते. आत पंख्याची मोटर आणि एक दिवा. तारा कशालाच जोडलेल्या नाहीत. डॉक्टर भुरळ कोपऱ्यात उभा आहे, त्याच्या कोटाच्या खिशांतून चिठ्ठ्या गळतायत, आणि प्रत्येक चिठ्ठीवर एकेका बाईची कुठली तरी बारकी, खासगी गोष्ट. बायका झोपलेल्या नाहीत. त्या आधीपासून जाग्याच होत्या. शेवटच्या पानावर त्या सगळ्या त्याच्याकडं बघतायत, आणि त्यांच्यापुढं डॉक्टर भुरळ फक्त एक टकला, घाबरलेला माणूस आहे. या भागात मी त्याला मुद्दाम लहान काढला. बायकांच्या कमरेइतका.

सत्काराच्या आदल्या दिवशी दुपारी मी तो भाग सोडला. तासभर लोक नुसतं एकमेकांना पुढं पाठवत राहिले. मग शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज आला. तो त्या कांदा खाल्लेल्या मुलाचा होता, आता त्याचं बियाण्यांचं दुकान आहे. त्यानं लिहिलं, 'मी जागा होतो. कांदा कांद्यासारखाच लागला. मी कॉपी करताना सापडलो होतो, ते घरी सांगणार म्हणून धमकी होती. चार दिवस तोंड भाजल्यासारखं होतं.' त्याच्याखाली दुसऱ्यानं लिहिलं. मग एका बाईनं. तिला दोन खुर्च्यांवर फळीसारखं आडवं ठेवून तिच्या पोटावर दगड ठेवला होता. 'मी पण जागी होते,' एवढंच तिनं लिहिलं. संध्याकाळपर्यंत अकरा जण झाले. मी ते मेसेज एकेक करून ताईला वाचून दाखवले, फोनवर. ती म्हणाली, "उद्या मीबी येते."

कार्यक्रम सकाळी अकराला, धारूरच्या एका मंगल कार्यालयात होता. दारावर मी बनवलेला फ्लेक्स होता, सरांनी सांगितलेलं यंत्राचं चित्र मी त्यावर घेतलं नव्हतं. सर स्टेजवर मधल्या खुर्चीत, फेटा बांधून बसले होते. त्यांनी शेवटचा भाग बघितला होता की नाही मला माहीत नाही. चेहऱ्यावरून वाटलं, बघितला असावा, आणि त्यांना वाटत असावं की समोर बोलायची कुणाची छाती होणार नाही. वीस वर्षांत झाली नव्हती.

शाल-श्रीफळ झालं. मग निवेदक म्हणाला, आता माजी विद्यार्थी सरांचा सत्कार करतील. बियाण्यांच्या दुकानवाला पहिला उठला. त्यानं पिशवीतून एक कांदा काढला, सरांपुढच्या टेबलावर ठेवला, पाया न पडता खाली उतरला. दुसऱ्यानं कांदा ठेवला. तिसऱ्यानं. हे त्यांचं आपसात ठरलं होतं, मला पत्ता नव्हता. मागच्या रांगांत लोक हसायला लागले, तसंच हसू जसं त्या दिवशी मांडवात होतं. सरही आधी हसले. पाचव्या कांद्यानंतर हसले नाहीत.

मग ताई उठली. तिच्या हातात काही नव्हतं. ती स्टेजवर गेली आणि निवेदकाच्या हातातला माइक घेतला.

"सर, मला वळखलं का?"

सरांनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. ओळखलं असावं, कारण त्यांचा हात चष्म्याकडं गेला आणि मध्येच थांबला.

"मला परत एकदा झोपवा," ताई म्हणाली.

"आता वय झालं माझं, बाळ."

"मी मोजते. तीन. दोन. एक." ताईची मान ताठच होती. ती त्यांच्याकडं बघत होती. "न्हाई झोपले. तवाबी झोपले नव्हते. कानात काय म्हणला हुतात, ते तुमी सांगताव का मी सांगू?"

सर म्हणाले, "तू लहान होतीस. मी तुझ्या भल्यासाठी..." मग पाणी मागितलं. पाणी द्यायला कुणी पुढं आलं नाही. ताईनं माइकवरून सगळं सांगितलं, चिठ्ठी, लॅब, वीस मार्क, कानातलं वाक्य. आवाज एकदाही चढवला नाही. प्रमुख पाहुणे उठले, "मला पुढं कार्यक्रम हाय," म्हणाले आणि निघून गेले. मग लोक उठायला लागले. जेवण तयार होतं, पण फार कमी लोक जेवले. सर टेबलावरच्या कांद्यांपुढं फेटा बांधून बसले होते. मी हॉलच्या दारात उभी राहून तो माणूस पोटभर बघून घेतला. मला दया आली नाही. लोक म्हणतात शेवटी दया येते. मला नाही आली.

सरांनी रिटायर झाल्यावर संमोहनाचे क्लास काढायचं ठरवलं होतं, बोर्डसुद्धा लागला होता. तो आठवड्यात उतरला. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. "मॅडम, तो शेवटचा भाग तेवढा काढून टाका. नातू विचारतो."

"ते आता माझ्या हातात नाही, सर. लोकांच्या फोनमध्ये गेलंय."

"तुम्ही त्या मुलीची बहीण का?"

"हो."

"मग तुम्ही आधीच सांगायला पाहिजे होतं."

मी फोन ठेवला. त्या माणसाला शेवटपर्यंत वाटत राहिलं की चूक माझी झाली.

त्या कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमधून निघाल्यावर ताई आणि मी आप्पांच्या दुकानात गेलो होतो. ते सांगायचं राहिलं. आप्पा आता पंचाहत्तरीला आलेत, तरी गल्ल्यावर बसतात. त्यांना सगळं आधीच कळलं होतं, धारूर केवढं आहे. ताई काउंटरपाशी उभी राहिली.

"आप्पा, मी जागी हुते."

आप्पा वजनकाट्याच्या पारड्यात बघत होते. तसंच बघत म्हणाले, "तुझ्यामुळं न्हाई काढलं तुला शाळेतून. लोक हसले म्हणून काढलं."

"मग लोकांना काढायचं हुतं शाळेतून," ताई म्हणाली.

आप्पांनी फडक्यानं पारडं पुसायला घेतलं. आईनं दुकानामागच्या घरातून जेवायला हाक मारली. ताई म्हणाली, बस चुकेल, आणि बसस्टँडकडं चालायला लागली. मी तिच्याबरोबर गेले. रस्त्यात ती एवढंच म्हणाली, "ह्यांचं चित्र काढू नको. ह्यांना काई वाटणार न्हाई, आणि आपल्याला लई वाटल."

म्हणून मी काढलेलं नाही. महिन्यातून एकदा आप्पांच्या बीपीच्या गोळ्या घेऊन मी धारूरला जाते. काउंटरवर पाकीट ठेवते. आप्पा विचारतात, "चहा?" मी म्हणते, दुकान उघडं टाकून आलेय, आणि निघते. दुकान उघडं नसतं. त्यांनाही ते माहीत आहे.